छप्पर निवडण्याआधी : पत्रा, कौल, गवत, स्लॅब आणि खालची जमीन

(मिरजगाव, तालुका कर्जत इथल्या मेळाव्यात संघटनेच्या वतीनं झालेली मांडणी. ज्या गावांना येता आलं नाही त्यांनी ग्रामसभेत वाचून दाखवावी.)



आज इथं दोन तऱ्हेची माणसं बसली आहेत. एक मिरजगावच्या आजूबाजूच्या माळावरची, पारधी वस्तीची, भिल्ल वस्तीची. दुसरी अकोल्याच्या डोंगरातून आलेली, महादेव कोळी आणि ठाकर. पहाटेची एसटी धरून, नगरला गाडी बदलून, सोलापूर रस्त्यानं दुपारी इथं पोचली. जिल्हा एकच, पण तिकडं घाटघर-रतनवाडीला एका पावसाळ्यात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि इकडं कर्जत तालुक्यात वर्षाला पाचशे-सहाशे, तोही पडला तर. म्हणून छपराचा विषय निघाला की तिकडचा माणूस पाण्याचं बोलतो आणि इकडचा उन्हाचं, वाऱ्याचं.

जेवताना आम्ही पंगतीत ऐकत होतो. एकच विषय चालला होता. घरकुल आलंय, नाहीतर येणार आहे, वर काय टाकायचं? शेजारच्यानं स्लॅब टाकला. मुलगा म्हणतो पत्रा आणू. म्हातारी म्हणते गवताचं घर थंड असतं. म्हणून आज कलमांपासून सुरुवात नको, छपरापासून करू. कलमं मध्ये येतातच.

आधी एका घराची गोष्ट सांगतो. नाव घेत नाही, ती माणसं इथंच बसली आहेत. डोंगरातलं गाव, वनखात्याच्या जमिनीवर आजोबांपासूनचं घर. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणमातीनं सारवलेल्या, मधे मेढ, वर आढं, वासे आणि गवत. दर दोन-तीन वर्षांनी शाकारणी. २०११ साली थोरल्यानं नारायणगावच्या बाजूला मजुरी करून पैसे साठवले आणि पत्रे आणले. जुनं छप्पर उतरवलं. वासे चुलीत गेले, दोन चांगल्या मेढी विकल्या, कूड पाडून विटांची भिंत घातली. पत्र्याची पावती मात्र ट्रंकेत जपून ठेवली. वनहक्काचा दावा भरला तेव्हा तीच पावती पुरावा म्हणून जोडली. तपासणीला आलेल्या माणसानं पावतीवरची तारीख बघितली, घर बघितलं आणि लिहून टाकलं की घर २०११ सालचं आहे, १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दिसत नाही. दावा अमान्य. तीन पिढ्यांचं घर, आपल्याच हातानं आपण त्याचं वय कमी करून घेतलं. अपील अजून चालू आहे.

यात पत्रा आणणं चूक नव्हतं. माणसाला गळक्या छपराखाली कुणी बसवून ठेवू शकत नाही. चूक एवढीच की जुनं छप्पर उतरवण्याआधी त्याची नोंद कुणी केली नाही. आम्हीही केली नाही. संघटनेचे कार्यकर्ते त्या साली त्या घरात चहा पिऊन आले होते. पत्रे भिंतीला टेकवून ठेवलेले होते, आणि आम्ही म्हणालो, वा, छान झालं.

कायदा काय म्हणतो ते बघा. वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ चे. नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड, घरपट्टीची पावती ही कागदपत्रं आहेत. पण त्याच यादीत जमिनीवर डोळ्यांनी दिसणाऱ्या खुणाही आहेत : घर, झोपडी, सपाटीकरण, बांध, बंधारे. झोपडी हा शब्द नियमात आहे बरं का. त्यामुळं “गवताचं आहे, हे काय घर म्हणायचं?” असं कुणी म्हणालं तर त्याला नियम १३ वाचून दाखवा. त्याच यादीत म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही आहे, मात्र तो दावेदार सोडून दुसऱ्याचा हवा. दाव्याला एकाहून जास्त पुरावे लागतात, हे लक्षात ठेवा. २०१२ साली नियमांत सुधारणा झाली. समित्यांनी ठराविकच कागद पाहिजे म्हणून अडून बसायचं नाही, आणि उपग्रहाचा फोटो हा मदतीला घ्यायचा, बाकी पुराव्यांच्या जागी तो चालवायचा नाही, असं त्यात स्पष्ट घातलं.

उपग्रहाच्या फोटोचं का सांगतो? वरून बघितलं तर पत्रा उन्हात चमकतो. गवताचं छप्पर माळाच्या रंगाचं, झाडाखाली असेल तर दिसतच नाही. जुन्या फोटोत घर दिसत नाही म्हणून दावे अडकले आहेत. ज्या छपरानं तुमच्या बापजाद्यांना सावली दिली, तेच छप्पर फोटोत तुम्हाला गैरहजर ठरवतं.

मग करायचं काय? जुनं छप्पर उतरवण्याआधी वनहक्क समितीला आणि ग्रामसभेला घरावर बोलवा. घराची लांबी-रुंदी मोजा. मेढी किती, कुठल्या लाकडाच्या, आढं कुठं आहे, चूल कुठं, देव कुठं, हे लिहा. घरामागचा आंबा, जांभूळ किती जाडीचं झालंय ते लिहा, झाड वय सांगतं. जवळ पूर्वजांची जागा असेल, जुनं जोतं असेल, तेही लिहा. दोन म्हाताऱ्यांचे जबाब घ्या. फोटो काढा, पण फोटोत पाठीमागचा डोंगर, नाहीतर विहीर, नाहीतर शाळा आली पाहिजे. नुसत्या छपराचा फोटो कुठलाही असू शकतो. त्याच्यावर सह्या-अंगठे घ्या आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात चढवा. हे झाल्यावर मग खुशाल छप्पर उतरवा. एक मेढ मात्र तिथंच उभी राहू द्या, नव्या घराच्या पडवीत का होईना.

आता माळावरच्या माणसांकडं येतो, कारण इथला सवाल वेगळा आहे.

इथं जुन्या गावांत माळवदाची घरं होती, अजून काही आहेत. तुळया, त्यावर दांड्या, त्यावर कडुलिंबाचा पाला नाहीतर तरवड, आणि वर पांढऱ्या मातीचा थर. उजेडाला साणं. उन्हाळ्यात असं थंड घर दुसरं नाही. पण ती घरं कुणाची? गावात जागा असलेल्यांची. पारध्यांना इंग्रजांनी कायदा करून गुन्हेगार जमातींत घातलं, तो कायदा १९५२ साली गेला, पण गावकुसाच्या आत जागा काही मिळाली नाही. म्हणून पाल. उचलता येईल, रात्रीत गुंडाळता येईल असं छप्पर. लोक म्हणतात पारध्याला भटकायची हौस. ज्याला उद्या हाकलणार हे माहीत आहे तो तुळई कशाला आणेल? ऊसतोडीला गेलं की कारखान्यावर कोपी, तीही बांबूच्या तट्ट्यांची आणि पाचटाची, हंगाम संपला की मोडायची. आता पत्रा आला. पत्राही आपण तसाच वापरतो, चार लाकडं रोवायची, पत्रे ठेवायचे, वर दगड. कुणी उठवायला आलं तर पत्रे बैलगाडीत टाकता येतात. म्हणजे पत्रा हे आपलं नवं पाल झालं आहे.

आणि या पत्र्याची एक गंमत आहे, गंमत म्हणजे रडायची गोष्ट. उठवायला आलेला माणूस म्हणतो, पत्र्याचं शेड आहे, तात्पुरतं आहे, काढा. पण जनगणनेच्या हिशेबात पत्रा हा पक्क्या छपरात मोजतात. गवत, बांबू, माती ही कच्च्यात, पत्रा आणि सिमेंटचा पत्रा पक्क्यात. घरकुलाची जी यादी २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीवरून झाली, तिच्यात भिंतही कच्ची आणि छप्परही कच्चं असणारी घरं धरली. म्हणजे एकच पत्रा, यादीच्या वेळी पक्का आणि हाकलायच्या वेळी कच्चा. म्हणून पाहणीला माणूस आला की तो भिंत काय लिहितो, छप्पर काय लिहितो, खोल्या किती लिहितो हे शेजारी उभं राहून बघा. खोटं लिहा म्हणत नाही. खरं लिहून घ्या.

इथल्या जमिनीचंही एकदा साफ सांगतो, कारण यात फार घोळ होतो. वनहक्क कायदा वनजमिनीला लागतो, मग ती अभयारण्यात असली तरी. कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं काळविटांचं अभयारण्य आहे, १९७९ साली जाहीर झालेल्या माळढोक अभयारण्यातही या तालुक्याचे भाग आले. त्या हद्दीतल्या वनजमिनीवर तुमचा ताबा असेल तर दावा करता येतो. दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत उठवता येत नाही, कलम ४ पोटकलम ५. गायरान मात्र वेगळं. तिथं वनहक्काचा अर्ज करून बसलात तर वर्षं वाया जातील. भूमिहीन मागासवर्गीयांच्या गायरानावरच्या शेतीसाठी २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे, त्यात १४ एप्रिल १९९० ही तारीख आहे. शासकीय जमिनीवरच्या राहत्या घरांसाठी २०१८ साली ग्रामविकास विभागानं निर्णय काढला, त्यात १ जानेवारी २०११ ही तारीख आहे. सुप्रीम कोर्टानं २०११ च्या जगपाल सिंग निकालात गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा म्हटलं, आणि तो निकाल आपल्याला दाखवून घाबरवतात. पण त्याच निकालात भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातींना सरकारी निर्णयानं दिलेल्या जमिनीचा अपवाद ठेवला आहे, तो परिच्छेद कुणी दाखवत नाही. तारखा तीन, कायदे वेगवेगळे, पण सगळीकडं पहिला प्रश्न एकच : घर कधीपासून आहे?

म्हणून छप्पर कसलंही असो, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला घराची नोंद मागा. घरपट्टी भरा आणि पावती जपा. घरपट्टी भरली म्हणजे मालकी झाली असं नाही, हेही समजून असा. पण राहत असल्याचा तो पुरावा आहे. नोंद नाकारली तर अर्जाची पोच घ्या. पोच हीसुद्धा तारीख असलेला कागद आहे.

आता खुद्द छपरांकडं येऊ. घरकुलाच्या मापाचं, पंचवीस चौरस मीटरचं घर धरून आम्ही ढोबळ हिशेब मांडला. पत्रा टाकला तर डोक्यावर दीडेकशे किलो. मंगलोरी कौलं टाकली तर एक-सव्वा टन. चार इंची स्लॅब सहा टनांच्या वर. आणि माळवद एक फूट जाडीचं असेल तर बारा टन, भिजलं की आणखी. हे वजन रात्री आपल्या लेकरांवर असतं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट जुन्या माणसांना आठवत असेल, किल्लारीचा भूकंप. जाड दगडमातीच्या भिंती आणि वरचं मातीचं ओझं कोसळून जवळजवळ आठ हजार माणसं गेली. ज्या घरांत छप्पर लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर होतं तिथं भिंत बाहेर पडली तरी माणसाला निसटायला जागा राहिली. माळवद वाईट असं आम्ही म्हणत नाही. पण दरसाल नवी माती टाकतो आणि जुनी कधी उतरवत नाही, त्यानं ओझं वाढत जातं. तुळई वाकली असेल, खांबाच्या बुडाला वाळवी असेल तर या पावसाळ्याआधी माती उतरवा.

गवताचं छप्पर. डोंगरातल्यांना आम्ही काय शिकवणार. पाख्याला उतार चांगला खडा हवा, नाहीतर पाणी उतरायच्या ऐवजी मुरतं, हे तुम्हाला माहीत आहे. सांगायचं ते हक्काचं. गवत, बांबू, कारवी ही गौण वनोपज आहे. कलम ३ (१) (ग) प्रमाणं ती गोळा करण्याचा, वापरण्याचा हक्क आहे, आणि कायद्यातल्या गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू नाव घेऊन लिहिलेला आहे. २०११ साली गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावानं आपल्या बांबूचा वाहतूक परवाना स्वतः द्यायचा हक्क मिळवला. तेव्हा शाकारणीच्या बांबूसाठी कुणी कोंबडी मागत असेल तर देऊ नका. मेढीचं सागाचं लाकूड मात्र या कलमात येत नाही, ते निस्तारात मागावं लागतं. सामूहिक हक्काचा दावा भरताना “घर शाकारणीसाठी गवत, घरासाठी लाकूड” असं शब्दांत लिहा. बऱ्याच गावांनी फक्त मध, डिंक, हिरडा लिहिलं आणि घर विसरले. गवताला आग लागते, हे खरं. चूल आणि पाखं यांच्यामध्ये मातीनं लिंपलेला माळा असू द्या.

कौलाबद्दल थोडंच. मंगलोरी कौल हे बासेल मिशननं १८६५ साली मंगळूरला सुरू केलेल्या कारखान्यातून पसरलं. फुटलं तर एकच बदलायचं, सगळं छप्पर काढावं लागत नाही. माकडं असतील तिथं त्रास आहे. भरपूर पावसाच्या गावाला, भिंत मजबूत असेल तर, आमचं मत कौलाला.

पत्रा घ्यायला गेलात तर गेज विचारा. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, दुकानात हे उलटं सांगून फसवतात. वरचे दगड काढून टाका. वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडतो आणि दगड खाली येतो, पाळण्यात येतो. प्रत्येक आडव्या पाइपाला हुक मारा, कडेला जास्त मारा, आणि हुक पन्हळीच्या उंचवट्यावर मारा, खोलगट भागात नाही, तिथून गळतं. खालचं लाकूड तारेनं भिंतीत, जोत्यापर्यंत बांधा. पत्रा उडत नाही, बरेचदा सांगाड्यासकट उडतो. उन्हासाठी वरून चुन्याचा पांढरा हात द्या, आतून तट्ट्या बांधा, भिंत आणि पत्रा यांच्यात हवा जायला फट ठेवा. आणि विजेची उघडी वायर पत्र्यावरून नेऊ नका. आकडा टाकलेली वायर घासून घासून सोलते, पाऊस आला की सगळं छप्परच करंट होतं. दाराला हात लावला की माणूस गेला.

सिमेंटचा पत्रा नको. हे आम्ही थेट सांगतो, तुमची मर्जी वगैरे म्हणत नाही. त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. साठाहून जास्त देशांत तो बंद आहे, आपल्याकडं अजून विकतात कारण स्वस्त पडतो आणि लोखंडाच्या पत्र्यापेक्षा कमी तापतो. तो कापताना, भोक पाडताना, फुटताना जी धूळ उडते ती फुप्फुसात बसते, आणि आजार वीस-तीस-चाळीस वर्षांनी निघतो, कॅन्सरसुद्धा. तोपर्यंत कुणाला आठवत नाही की छप्पर कुणी कापलं होतं. ज्यांच्या घरावर आहे त्यांनी घाबरून उपटू नये. तो फोडू नका, घासू नका, करवत लावू नका. काढायचाच तर ओला करून, तोंडाला फडकं बांधून, सबंध काढा. फुटके तुकडे अंगणात फरशीसारखे टाकू नका, तिथं पोरं खेळतात.

राहिला स्लॅब. सगळ्यांना तोच हवा आहे, आणि का हवा आहे ते आम्हाला समजतं. स्लॅबवाल्याला कुणी “उचल” म्हणत नाही. पण घरकुलाची मूळ रक्कम मैदानी भागात १ लाख २० हजार, डोंगरी भागात १ लाख ३० हजार. वर रोजगार हमीची नव्वद-पंचाण्णव दिवसांची मजुरी, संडासाचे बारा हजार. एवढ्यात भिंती उभ्या राहतात आणि स्लॅबला पैसे उरत नाहीत. पंचवीस चौरस मीटरच्या स्लॅबला वीसेक गोण्या सिमेंट आणि दोनशे किलोच्या आसपास सळई लागते, वर सेंट्रिंग, खडी, वाळू वेगळी. मग मुकादमाकडून जास्तीची उचल घेतली जाते, आणि एका छपरासाठी दोन हंगाम नवराबायकोचं कोयतं गहाण पडतं. घरकुलाच्या नियमात स्लॅबच टाका असं नाही. घर तीस वर्षं टिकेल असं पक्कं हवं, आराखडा आणि सामान त्या त्या भागाचं चालतं. चांगल्या सांगाड्यावरची कौलं, चांगला पत्रा चालतो. कुणी “स्लॅबशिवाय हप्ता नाही” म्हणालं तर लेखी मागा.

ज्यांना स्लॅब टाकायचाच आहे त्यांनी पाण्याचा विचार आधी करावा. ऊसतोडीहून आपण एप्रिलमध्ये परततो, बांधकाम मे महिन्यात, आणि तेव्हाच इथं टँकर चालू असतो. स्लॅबला किमान दहा-चौदा दिवस पाणी हवं. नाही मिळालं तर वरून पक्का आणि आतून भुसभुशीत. मातीची आळी बांधून पाणी कोंडा, गोणपाट भिजवून अंथरा, कमी पाण्यात भागतं. एवढंही पाणी नसेल तर त्या वर्षी स्लॅब टाकू नका.

एका मावशींनी मघाशी विचारलं, छप्पर कुणाच्या नावावर? वनहक्काचा पट्टा नवराबायको दोघांच्या नावानं होतो, कलम ४ पोटकलम ४. तो विकता येत नाही, वारसाला जातो. घरपट्टीच्या नोंदीतही दोघांची नावं लावायचा अर्ज द्या. शाकारणीचं गवत डोक्यावरून कोण आणतं, सारवण कोण करतं, हे आम्ही सांगायला नको.

बोलणं बरंच झालं. टेप, दोरी आणि नोंदीचे कोरे कागद इथं ठेवले आहेत, कार्बनसकट. चहा झाला की माळावरच्या वस्तीवर जाऊ. तिथं एका घराचे पत्रे पुढच्या आठवड्यात बदलायचे आहेत, त्यांनी मोजणीला हो म्हटलंय. अकोल्याच्या पोरांनी टेप धरायची, इथल्यांनी लिहायचं, आणि जबाब त्यांच्या शेजारच्या आजीबाईंचा घ्यायचा. परतीची शेवटची गाडी पकडायची आहे, तेव्हा लवकर उठा.